चिन्ह मागायचं की वचन आणि सल्ला?

घर नवापूरला, नोकरीची ऑफर पुण्याची, आणि बाबांचा कापूस बघायला दुसरं कोणी नाही. अशा वेळी देवाची इच्छा कशी ओळखायची, यासाठी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दोन रस्ते सांगतात.

पहिला म्हणजे देवाकडे चिन्ह मागायचं. सोमवारपर्यंत फोन आला तर जायचं. मी हेच केलं, फोन आला पण, तरी मनाला शांती काही मिळाली नाही. लोक बायबलमधल्या गिदोनाचं उदाहरण देतात, शास्ते या पुस्तकाच्या ६व्या अध्यायातलं, त्याने देवाकडे चिन्ह मागितलं, एका रात्री लोकर ओली नि जमीन कोरडी, दुसऱ्या रात्री उलटं. पण पूर्ण अध्याय वाचा ना, काय करायचं ते देवाने त्याला आधीच सांगितलं होतं, तो घाबरलेला होता म्हणून लोकर, आणि देव त्याच्यावर चिडला नाही ही त्याची दया. मत्थिया या शिष्याला प्रेषित म्हणून चिठ्ठ्या टाकून निवडलं हे खरं, पण प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये बघा, तिथे सगळे बसून बोलून ठरवतात.

दुसरा रस्ता स्लो आहे. वचन म्हणजे बायबल वाचा, त्यातलं याकोब १:५ धरून देवाकडे बुद्धी मागा, पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना), घरच्यांना विचारा. कापसाची वेचणी जशी एका दिवसात उरकत नाही तसंच हे, थोडं थोडं क्लिअर होतं. मला हाच पटतो. देव चिन्ह देतच नाही असं मी म्हणणार नाही, पण बाबांचं काय होईल हे त्या फोनने मला विचारलं नाही, मंडळीतल्या एका मावशींनी विचारलं, आणि त्या रात्री मी पहिल्यांदा खरी प्रार्थना केली.

कंपनीला अजून हो म्हटलेलं नाही. रविवारी उपासनेनंतर बाबांना घेऊन पाळकांकडे बसणार आहे.