भरती सेवा चोख, पण पिढीचा रकाना कशासाठी?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचे लहानसे मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे मशिनिंग करून आम्ही माल पुढे पाठवतो. गेल्या दिवाळीनंतर एक क्वालिटी इन्स्पेक्टर आणि एक सीएनसी (संगणकनियंत्रित यंत्र) ऑपरेटर अशा दोन जागा भरायच्या होत्या, म्हणून शहरातील एका प्लेसमेंट संस्थेची सेवा घेतली. नेमणुकीमागे एका महिन्याच्या पगाराइतके शुल्क, आणि तीन महिन्यांच्या आत माणूस सोडून गेला तर विनाशुल्क बदली उमेदवार, असा करार होता.

जे चांगले ते आधी सांगतो. चार दिवसांत सात अर्ज आले, आयटीआयची प्रमाणपत्रे व अनुभवपत्रे पडताळलेली होती आणि मुलाखतीला बोलावलेले सर्व जण वेळेवर हजर झाले. ही शेवटची गोष्ट किती दुर्मिळ आहे, हे उद्यमनगरपासून कागलपर्यंत कोणताही कारखानदार सांगेल.

तक्रार आहे ती प्रत्येक अर्जाला जोडलेल्या ‘पिढीनुसार अनुरूपता’ या पानाबद्दल, ज्याची किंमत शुल्कातच धरलेली असते. जन्मवर्ष पाहून उमेदवाराला जेन एक्स, मिलेनियल किंवा जेन झेड ठरवायचे आणि खाली त्याचा स्वभाव लिहायचा, एवढाच त्याचा व्याप. ५४ वर्षांच्या इन्स्पेक्टरबद्दल ‘नवे तंत्रज्ञान स्वीकारण्यास नाखूश’ असा शेरा होता. वास्तविक हे गृहस्थ आठ वर्षे सीएमएम, म्हणजे सुट्या भागांची अचूक मापे घेणारे यंत्र, चालवत होते आणि आमच्याकडे ते यंत्र नाही, मोजमाप बाहेरून करून आणतो, हे ऐकल्यावर चेहरा त्यांचाच उतरला. २४ वर्षांच्या ऑपरेटरच्या पानावर ‘टिकण्याची शक्यता कमी’ असे होते. त्याने आधीची नोकरी का सोडली, तर १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेला दुप्पट दराचा ओव्हरटाइम मालक साध्या दराने देत होता. हे कारण अर्जात कोठेच नव्हते. मुलाखतीनंतर चहा घेताना ते कळले. त्याच्या जागी पन्नाशीचा माणूस असता तर त्यानेही हेच केले नसते का?

शिवाय या वर्गवारीचा पायाच आपल्याकडचा नाही. ‘बेबी बूमर’ या पिढीची १९४६ ते १९६४ ही मुदत अमेरिकेतील महायुद्धोत्तर जन्मवाढीवरून ठरली, त्याच काळात, १९४९ साली, आपले कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन होत होते. खुद्द अमेरिकेतही नॅशनल अकॅडमीज या विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०२० साली असाच निष्कर्ष काढला की मनुष्यबळाचे निर्णय घेण्यासाठी अशा पिढ्यांच्या वर्गवारीला संशोधनाचा भक्कम आधार नाही. तरुण माणूस नोकऱ्या बदलतो तो बहुधा तरुण असतो म्हणून. त्याच्यावर अजून घराचा हप्ता नसतो आणि मुलांची शाळाही नसते. आज पन्नाशीत असलेल्यांपैकी कितीतरी जणांनी पंचविशीत हेच केले होते, पण त्याला तेव्हा कोणी पिढीचे नाव दिले नव्हते.

येथे स्वतःचा दोषही नोंदवला पाहिजे. पहिल्या फोनवर ‘ऑपरेटर तिशीच्या आतला पाहा, इन्स्पेक्टर मात्र फार वयस्क नको’ असे मीच सांगितले होते. ५४ वर्षांच्या उमेदवाराचा अर्ज तरीही आला, तो संस्थेतील एका मुलीने माझे म्हणणे बाजूला ठेवून पाठवला म्हणून. हे श्रेय तिचे, त्या पानाचे नव्हे.

दोघेही आज कामावर आहेत आणि बदली उमेदवार मागण्याची वेळ आली नाही. इन्स्पेक्टरांच्या आग्रहामुळे आता जुन्या सीएमएमची चौकशी सुरू आहे, हा खर्च करारात नव्हता. पुढच्या भरतीसाठी याच संस्थेकडे जाईन. ते पान वगळून शुल्क थोडे कमी करा, असे मी संचालकांना सुचवले. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “साहेब, पान काढलं तर बाकीची गिऱ्हाइकं विचारतात, रिपोर्ट अर्धाच का दिला म्हणून.”