कुत्र्यांसह राहण्यासाठी भाड्याची कॅम्पर व्हॅन : वऱ्हाडातील अनुभवाचे परीक्षण

नागपूरहून भाड्याने मिळणाऱ्या एका कॅम्पर व्हॅनमधून आम्ही पतिपत्नी आमच्या दोन कुत्र्यांसह यंदाच्या हिवाळ्यात काटोल, वरुड, मोर्शी, कारंजा, मेहकर, लोणार असे फिरलो आणि तेवढ्या दिवसांपुरती तीच गाडी आमचे घर होती. ज्याच्या घरी कुत्री आहेत, त्याचा प्रवास कुठे अडतो हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणचे लॉजवाले कुत्र्यांना पायरी चढू देत नाहीत, लग्नकार्य निघाले की घरातल्या एकाला मागे राहावे लागते, आणि शेजाऱ्यांवर सोपवून गेले तर कुत्री दोन दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाहीत. म्हणूनच कुत्री चालतील असे पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगणारी सेवा मिळाली, याचे आम्हाला मोल वाटले. गाद्या, शेगडी, दिवे यांविषयी येथे थोडेच लिहिले आहे, कारण ते सारे ठीक होते. कुत्र्यांना घेऊन राहणाऱ्यासाठी अशा गाडीचा कस एकाच गोष्टीत लागतो, आणि ती म्हणजे इंजिन बंद करून उभी असताना गाडी किती वेळ थंड राहू शकते.

आमच्या दोघांपैकी राणी ही लॅब्राडॉर जातीची, अठ्ठावीस किलो वजनाची आणि आता उतारवयाकडे झुकलेली. काळ्या हा गावठी, अंगाने सडपातळ आणि अनोळखी माणसाकडे संशयाने पाहणारा. दोघांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत आणि गाडीतल्या त्रुटी प्रामुख्याने राणीमुळेच उघड झाल्या.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, अशा गाड्यांसाठी ठिकठिकाणी तळ असतात. तेथे ३० किंवा ५० अँपिअरची वीजजोडणी, पाण्याचा नळ आणि सांडपाणी सोडण्याची सोय तयार मिळते, त्यामुळे उभ्या गाडीचा एसी दिवसभर चालवणे ही तिकडे साधी बाब आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणातही अशा तळांचा विचार आहे, परंतु आमच्या वाटेवर आम्हाला तसा एकही तळ लागला नाही. वऱ्हाडात मुक्काम म्हणजे कोणाच्या तरी वावरात, ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत किंवा ओळखीच्या माणसाच्या अंगणात. तेथे वीज मिळाली तरी ती बहुधा घरातल्या साध्या सॉकेटची असते आणि त्यावर मोबाइल, दिवे आणि फार तर बॅटरीचे चार्जिंग होते. एसीचा भार ते सॉकेट पेलत नाही. शेतातल्या मोटारीच्या जोडणीवर भिस्त ठेवावी म्हटले तर कृषी वाहिनीची वीज पाळीने येते, आणि ती पाळी पुष्कळदा रात्रीची असते.

म्हणून गाडीच्या आतल्या बॅटरीचा हिशेब करणे भाग आहे, आणि तो बुकिंगच्या वेळी कोणी समजावून सांगत नाही. आम्हाला मिळालेल्या गाडीत १२ व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी होती, म्हणजे ती पूर्ण भरलेली असताना तिच्यात साधारण अडीच युनिट वीज मावते. छतावरचा लहान एसी तासाला एक युनिटच्या आसपास वीज खातो, आणि इन्व्हर्टरमध्ये जाणारी थोडी वीज धरली तर दोन तासांत बॅटरी तळाला जाते. छतावरचे ३०० वॅटचे सौर पॅनल हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी फार तर सव्वा युनिट देते, म्हणजे दिवसभराच्या उन्हातून एसीचा जेमतेम एक तास निघतो. फोनवर मात्र आम्हाला "एसी रात्रभर चालतो" असे सांगण्यात आले होते. ते विधान बाहेरून वीज जोडलेली असेल तरच खरे आहे, हे गाडी ताब्यात घेताना कळले. माणसांसाठी हा तपशील गैरसोयीचा आहे. कुत्र्यांसाठी तो जिवावरचा आहे.

कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते आणि त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो, आणि भोवतालची हवाच तापलेली असली की तो मार्गही अपुरा पडतो. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीतले तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढते. पौषातही वऱ्हाडातली दुपार तीस अंशांच्या जवळ जाते, तेव्हा बंद गाडीत काय होईल हे उघड आहे. वैशाखात, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या दिवसांत, ही गाडी कुत्र्यांसाठी कोणी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, मग भाड्यात कितीही सूट मिळो.

लोणारला या हिशेबाची पुरती परीक्षा झाली. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अभयारण्य आहे, त्यामुळे कुत्र्यांना खाली नेण्याचा प्रश्नच येत नाही. आणि तसा नियम नसता तरीही मी त्यांना नेले नसते, कारण पाळीव कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग वन्यप्राण्यांत जातात. आम्ही आळीपाळीने उतरलो. एक जण खाली कमळजा देवीचे मंदिर आणि विवर पाहून येईपर्यंत दुसरा कडुनिंबाच्या सावलीत उभ्या केलेल्या गाडीत बसला. एसी लावलाच नाही. छतावरचा पंखा हवा बाहेर फेकण्याच्या दिशेने चालू ठेवला आणि सावलीकडच्या दोन्ही खिडक्या उघडल्या, तेवढ्यावर आतली हवा सुसह्य राहिली. हा पंखा तीस-चाळीस वॅटवर चालतो, रात्रभर ठेवला तरी अर्धा युनिटही जळत नाही, आणि माझ्या मते या गाडीतली सर्वांत कामाची वस्तू तीच आहे. सेवेच्या माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नाही.

गाडीच्या आतल्या रचनेबद्दल दोन तक्रारी आहेत. पहिली तळाची. तळाला गुळगुळीत व्हिनाइल बसवले आहे, जे पुसायला सोपे असले तरी गाडी वळण घेऊ लागली की राणीचे मागचे पाय फाकतात आणि ती जागच्या जागी बसकण मारते. आम्ही मोर्शीच्या बाजारातून काथ्याच्या दोन चटया घेऊन अंथरल्या, तेव्हा ती निर्धास्त उभी राहू लागली. कुत्री चालतील म्हणणाऱ्या सेवेने अशी चटई गाडीसोबतच द्यायला हवी. दुसरी तक्रार दाराच्या पायरीची. पायरी एकच आहे आणि जमिनीपासून बरीच उंच आहे. काळ्या ती न मोजता उडी मारतो, पण राणीला दर वेळी छातीखाली हात घालून चढवावे लागले. लाकडी फळीचा एक उतार गाडीत ठेवला तर म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे वाचतील आणि मालकांच्या कमरेलाही आराम मिळेल.

याउलट, मागच्या बाकाखाली भिंतीत पक्क्या बसवलेल्या दोन लोखंडी कड्या आहेत आणि त्या फार विचारपूर्वक लावलेल्या आहेत. साखळी त्यांत अडकवली की कुत्र्याला उठता-बसता येते, वळता येते, परंतु चालकाच्या आसनापर्यंत जाता येत नाही. बाकाखालची ती जागा अंधारी आणि गार असते, आणि पहिल्याच रात्रीपासून काळ्याने ती आपली मानली.

वरुडजवळच्या संत्र्याच्या बागेतला मुक्काम सर्वांत सुखाचा झाला आणि सर्वांत जास्त शिकवणाराही. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात निघणाऱ्या संत्र्यांची, तोड चालू होती, क्रेटचे ढीग लागले होते, आणि बागमालक काकांनी विहिरीजवळची जागा आम्हाला मोकळी करून दिली. त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट अशी : "भाऊ, रात्री कुत्रे गाडीतच ठेवजा. बिबट येऊन राह्यला इकडे, मांगच्या हप्त्यात वासरू नेलं त्यानं." गावालगत फिरणाऱ्या बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य असते, हे वऱ्हाडात लहान पोरालाही माहीत आहे. बाहेर साखळीला बांधलेले कुत्रे तर पळूही शकत नाही. म्हणून अंधार पडायच्या आत दोघांना आत घेणे हा आमचा नेम झाला आणि दाराची कडी आतून पक्की लागते की नाही, याला मी परीक्षणात वेगळे गुण देतो. ती उत्तम लागते.

बागेत कुत्री मोकळी सोडता येत नाहीत, याची इतरही कारणे आहेत. झाडांच्या बुंध्यांना मोरचूद आणि चुन्याचे निळसर बोर्डोमलम लावलेले असते, आणि ते कुत्र्याच्या जिभेला लागणे बरे नाही. ठिबकच्या नळ्या काळ्यासारख्या कुत्र्याला चघळाव्याशा वाटतात आणि त्यात शेतकऱ्याचे नुकसान होते. तुरीवर फवारणी चालू असेल तर त्या धुऱ्यालगतच्या (बांधालगतच्या) डबक्यातले पाणी कुत्र्यांना पिऊ देऊ नये. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा या औषधांचे उग्रपण आपल्या भागाला नव्याने सांगण्याची गरज नाही. रानडुकरांसाठी लावलेल्या कुंपणाचीही चौकशी आधी करावी. तारेत क्षणिक सौम्य धक्के सोडणाऱ्या झटका मशीनचा धक्का कुत्र्याला घाबरवतो, परंतु कोणी बेकायदा थेट लाइनचा प्रवाह तारेत सोडला असेल तर त्यात जनावर आणि माणूस दोन्ही मरतात.

यापुढे कुसळाचा प्रश्न येतो, आणि तो या प्रवासात रोजचा आहे. पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताची कुसळे कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत शिरतात व पुढे पुढेच सरकत जातात, कारण त्यांच्या टोकावरचे केस उलट्या दिशेने त्यांना मागे येऊ देत नाहीत. रोज संध्याकाळी गाडीच्या पायरीवर बसवून आम्ही दोघांची बोटे एकेक करून फाकवून पाहत होतो आणि त्याच वेळी गोचिडांसाठी कानांच्या मुळाशी, काखेत आणि शेपटीखाली बोटे फिरवत होतो. गुरांच्या गोठ्याजवळ मुक्काम असेल तर गोचीड लागणारच, आणि गोचीड ताप अंगावर काढण्याचा आजार नाही. या कामासाठी दाराबाहेर एक दिवा आणि हातात धरण्याचा फवारा गाडीला दिलेला आहे. दोन्ही व्यवस्थित चालले. पाण्याची टाकी शंभर लिटरची आहे. कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे राणीला दीड लिटर, आणि चालणे झाले की त्याहून अधिक; त्यामुळे पिण्यापुरते पाणी भरपूर होते, पण कुत्र्यांना धुवायला लागलो की टाकी एका दिवसात रिकामी झाली.

खाण्याची सोय सोपी आहे. ज्वारीची भाकरी दह्यात कुस्करून आणि उकडलेली अंडी यांवर दोघेही खूश असतात. ढाब्यावरचा उरलेला सावजी रस्सा प्रेमाने पुढे करणारे पुष्कळ भेटतात, त्यांना हात जोडून नको म्हणावे, कारण मसाल्याखेरीज त्यातला कांदा कुत्र्यांच्या रक्ताला घातक असतो.

सेवेचा सर्वांत उजवा भाग म्हणजे सोबत आलेले चालक. गाडी चालकासहच मिळते आणि कुत्र्यांना घाबरणारा माणूस आला असता तर सगळेच अवघड झाले असते. हे भाऊ साखळी कडीत अडकल्याचा आवाज ऐकल्याशिवाय गाडी हलवत नसत. समृद्धी महामार्गावर मध्येच थांबता येत नाही, म्हणून कारंजाला चढण्यापूर्वी त्यांनी स्वतःहून गाडी बाजूला घेऊन "आधी दोघांना फिरवून आणा" असे सांगितले. ते रात्री पुढच्या आसनावर झोपले, आणि ही व्यवस्था मला पटली नाही. चालकाच्या मुक्कामाचा खर्च सेवेने भाड्यात उघड दाखवून त्यांची नीट सोय करावी.

निघण्यापूर्वी रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र पाहून घेण्याची सेवेची पद्धत योग्य आहे. वाटेत गरज पडली तर तालुक्याचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गुरांचे उपचार करतात, हे लक्षात ठेवून नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था यांपैकी जवळचे कोणते, एवढे रोज मनाशी ठरवून ठेवावे. गाडी ठरवताना नोंदणी पुस्तकात ती मोटर कॅराव्हॅन म्हणून नोंदलेली आहे का, हेही पाहावे. अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे, आणि प्रवासी टेम्पोत हौसेने पलंग-शेगडी ठोकून घेतलेली गाडी त्यात बसत नाही.

भाडे कमी नाही. अमरावतीतल्या बऱ्या हॉटेलच्या दोन खोल्यांना जेवढे पडतील त्याहून दिवसाचा दर अधिक आहे, शिवाय कुत्र्यांसाठी वेगळी अनामत रक्कम घेतात. तरीही कार्तिक ते माघ या काळात मी ही गाडी पुन्हा घेईन आणि कुत्री असलेल्या इतरांनाही घ्यायला सांगेन. बुकिंग करताना बॅटरीची क्षमता लेखी मागावी, छतावरचा पंखा चालवून पाहावा आणि चटया घरून न्याव्यात. परत देताना त्यांनी बाकाखालचे केस आणि तळावरचे ओरखडे पाहिले, सफाईपोटी ठरलेली रक्कम कापली आणि उरलेली अनामत त्याच संध्याकाळी परत केली. पायरीचा उतार आणि काथ्याची चटई या दोन सूचना मी त्यांच्या नोंदवहीत लिहून दिल्या आहेत.