स्टीलच्या मिग वेल्डिंगसाठी गॅस: शुद्ध कार्बन डायऑक्साईड घ्यावा की आर्गॉनचे मिश्रण?

गोव्यात वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नवे फॅब्रिकेशन वर्कशॉप सुरू करणारा माणूस मिग मशीन (सतत पुढे सरकणारी वायर गॅसच्या आडोशात वितळवून धातू जोडणारे यंत्र) निवडताना पुष्कळ चौकशी करतो, पण गॅसच्या बाबतीत डीलर जो सिलिंडर पाठवील तो मुकाट्याने लावतो. वास्तविक सांध्याची खोली, कडेला उडणारे स्पॅटर (वितळलेल्या धातूचे कण) आणि नंतर ग्राइंडरवर जाणारा वेळ या तिन्ही गोष्टी गॅसवर बऱ्याच अवलंबून असतात. माईल्ड स्टीलसाठी निवड मुख्यतः दोघांतून करायची असते: शुद्ध कार्बन डायऑक्साईड, किंवा आर्गॉनमध्ये साधारण 18 ते 25 टक्के कार्बन डायऑक्साईड घातलेले मिश्रण. शुद्ध आर्गॉन अॅल्युमिनियमसाठी उत्तम असला तरी स्टीलवर त्याची आर्क, म्हणजे वायर आणि कामामधली विजेची ज्योत, अस्थिर होते आणि सांध्याच्या कडेला खाच पडते, म्हणून तो पर्याय इथेच सोडून द्यावा.

कार्बन डायऑक्साईडची मोठी जमेची बाजू म्हणजे त्याची खोल आणि रुंद पकड, म्हणजे धातू वितळत सांध्याच्या आत जाणे. जाड प्लेट, बार्जच्या (नदीतल्या मालवाहू नौकेच्या) तळाची दुरुस्ती, शेडचे खांब अशा कामांत ती उपयोगी पडते, आणि किंचित गंज किंवा मिल स्केल (कारखान्यातून प्लेटवर आलेला काळसर पापुद्रा) राहिलेल्या पृष्ठभागावरही हा गॅस मिश्रणापेक्षा थोडा अधिक सांभाळून घेतो. आर्कच्या उष्णतेत त्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो व तो वितळलेल्या धातूतील मँगेनीज आणि सिलिकॉन जाळतो, म्हणूनच त्याच्यासोबत ही दोन्ही मूलद्रव्ये पुरेशी असलेली ईआर-70-एस-6 वायर वापरतात. उणी बाजू स्पॅटरची. व्होल्टेज आणि वायरचा वेग कितीही नेटके जुळवले, तरी धातूचे थेंब मोठे आणि अनियमित सुटतात आणि नोझलमध्ये तसेच कामाच्या पृष्ठभागावर चिकटून बसतात.

मिश्रणात आर्क शांत राहते, टाका (वेल्डची रेघ) सपाट आणि एकसारखा पडतो, आणि दीड-दोन मिलिमीटरच्या चौरस पाईपला भोक पडण्याची भीती कमी होते. गोव्यात ही गोष्ट केवळ दिसण्यापुरती नाही. समुद्राजवळच्या घराची खिडकीची जाळी किंवा गेट रंगवताना स्पॅटरचा एखादा कण तसाच राहिला, तर त्याच्या कडेला रंग नीट बसत नाही, खारी हवा तिथून आत शिरते आणि पहिल्या पावसाळ्यानंतर नेमक्या त्या ठिपक्यापासून गंजाचा ओघळ खाली येतो. जाळीच्या कोपऱ्यांत ग्राइंडरची चकती पोचत नाही, तिथे छिन्नीने एकेक कण उडवावा लागतो, आणि ते काम कंटाळून अर्धवट सोडले जाते. त्यामुळे जाळ्या, रेलिंग आणि गेट हाच ज्याचा मुख्य धंदा आहे, त्याने आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साईडच्या 80:20 किंवा 82:18 मिश्रणाचा खर्च निःशंकपणे करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चाचा हिशेब मात्र सिलिंडरमागे न करता आर्कच्या तासामागे करावा. कार्बन डायऑक्साईड सिलिंडरमध्ये द्रवरूपात भरलेला असतो, आणि एक किलो द्रवापासून सुमारे 540 लिटर गॅस मिळतो. म्हणजे 30 किलोचा सिलिंडर मिनिटाला 12 लिटर या वेगाने साधारण 22 तास आर्क चालवतो. मिश्रण दाबाखालील वायूच्या रूपात असते, आणि सात घनमीटरचा सिलिंडर त्याच वेगाने दहा तासांच्या आत संपतो. दोन्ही सिलिंडर एकाच किमतीला मिळाले असते, तरी मिश्रणाचा गॅस तासाला दुपटीहून महाग पडला असता, आणि प्रत्यक्षात आर्गॉन महागच असतो. या फरकासमोर स्पॅटर काढण्याची मजुरी आणि चकत्यांचा खर्च मांडला की जाळीकामात पारडे मिश्रणाकडे झुकते, तर नंतर कोणी न पाहणाऱ्या जाड कामात ते कार्बन डायऑक्साईडकडे झुकते.

द्रवरूपामुळे आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. द्रव शिल्लक असेपर्यंत दाबमापक जवळपास एकाच आकड्यावर उभा राहतो, म्हणून उरलेला गॅस वजन करूनच कळतो. शिवाय सलग काम चालले की रेग्युलेटर (सिलिंडरवरची दाब कमी करणारी झडप) गोठतो, त्यामुळे हीटर बसवणे आवश्यक ठरते. मिश्रणात यांपैकी काहीच नसते. दाब जितका उरला, त्या प्रमाणात गॅस उरला असे समजावे.

आर्गॉनचे प्रमाण 90 टक्क्यांच्या वर असलेली मिश्रणे स्प्रे ट्रान्सफरसाठी असतात, ज्यात धातू बारीक थेंबांच्या फवाऱ्यासारखा उतरतो. 1.2 मिलिमीटर वायरला त्यासाठी साधारण 250 अँपिअरच्या आसपास करंट लागतो. सिंगल फेजवरच्या 200 अँपिअरच्या मशीनवर असे मिश्रण लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. स्टेनलेस स्टीलसाठी सुमारे दोन टक्के कार्बन डायऑक्साईड असलेले वेगळे मिश्रण लागते. शुद्ध कार्बन डायऑक्साईडने त्यात कार्बन वाढतो आणि गंजरोधकता घटते.

उघड्यावरच्या कामात, विशेषतः मांडवी किंवा झुआरी नदीच्या काठावर, वारा दोन्ही गॅस सारखेच उडवून नेतो आणि सांध्यात छिद्रे पडतात. अशा वेळी गॅसचा प्रवाह वाढवत नेल्यास भोवरा होऊन उलट हवाच आत ओढली जाते. त्यापेक्षा ताडपत्रीचा आडोसा करावा किंवा सरळ बाहेरचा गॅस न लागणारा साधा इलेक्ट्रोड घ्यावा. बार्जच्या बंद पोटात धोका वेगळा असतो. दोन्ही गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतात आणि माणसाला कळण्याआधी ऑक्सिजन कमी करतात, म्हणून हवा खेळवणारा पंखा आणि बाहेर उभा असलेला सोबती यांच्याशिवाय आत उतरू नये.

निर्णय होत नसेल, तर मिश्रणाचा एकच सिलिंडर मागवून आपल्या नेहमीच्या मापाचे दोन नमुने दोन्ही गॅसनी जोडावेत, प्रत्येकाच्या सफाईला लागलेला वेळ लिहून ठेवावा, आणि दोन्ही सांधे कापून व शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून वाकवून आत पकड किती गेली ते स्वतः पाहावे.