भूकंपात मिळालेलं घर : तीस वर्षं राहून सांगतो

स्लॅब शाबूत, भिंतींना पोपडे, आणि मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातल्या आमच्या घराचं थोडक्यात असं आहे. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, पहाटे 3:56 ला किल्लारीच्या भूकंपात जुनं गाव जमीनदोस्त झालं. त्यानंतर बाहेरच्या एका मोठ्या संस्थेनं आमचं गाव दत्तक घेतलं आणि नव्या गावठाणात हे घर बांधून दिलं.

मजबुतीला पूर्ण गुण. जुन्या घराच्या भिंती दगड-मातीच्या, हात-दोन हात जाड, आणि वर माळवदावर, म्हणजे लाकडावर टेकलेल्या सपाट छपरावर, पांढऱ्या मातीचा थर. हलल्यावर तोच थर अंगावर आला. सुमारे 8 हजार माणसं गेली, त्यातली बरीचशी अशाच भिंती-माळवदाखाली. नव्या घरात दार-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना काँक्रीटचा पट्टा बांधलाय. नंतर लहानमोठे धक्के बसले, भांडी वाजली, पण भिंतीला केसाएवढीही चीर नाही. तरी आजी शेवटपर्यंत स्लॅबखाली झोपली नाही. अंगणात पत्र्याचं शेड मारून दिलं होतं, तिथंच तिची बाज. "वर वजन नको" एवढंच म्हणायची.

आखणीत मात्र मार खाल्ला. घराचा आकार ठरला जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्यापुढं 750. आमचं 250 चं. आमच्या गावात एका आकाराची घरं एका ओळीत टाकली, त्यामुळं जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहणारे भाऊबंद तीन ओळींत विखुरले. रस्ते असे रुंद की दारात बसून समोरच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. गोठा नाही, कडबा ठेवायला जागा नाही, चुलीचा धूर जायला वाट नाही. घरातल्या घरात संडास दिला होता. बऱ्याच जणांनी त्यात गोवऱ्या भरल्या, आम्हीही. शेत होतं तिथंच राहिलं, गाव तेवढं लांब गेलं.

बाहेरगावचे पाहुणे आले की हमखास म्हणतात, "तुमचं बरंय, सगळं फुकटात झालं." देणग्या आल्या हे खरंच. जगभरातून आल्या, आणि ज्यांचं तोंडही आम्ही कधी पाहिलं नाही अशांनी दिल्या. त्याचं मोल आहेच. पण एकूण पुनर्वसनासाठी जागतिक बँकेनं जे 24.6 कोटी डॉलर दिले ते कर्ज होतं. सवलतीचं का होईना, कर्जच. फुकट म्हणण्याआधी एवढं माहीत असावं.

तुलना करायची तर मावशीच्या घराशी करा. 52 गावं पूर्ण उठवून दुसरीकडं बसवली, तिचं गाव त्यात नव्हतं. घरं खिळखिळी झालेली, उभी होती. तिथं दुरुस्तीचे सरकारी पैसे हप्त्याहप्त्यानं मालकाच्या खात्यावर यायचे, इंजिनिअर येऊन बघून जायचा, आणि काम मालकानंच करून घ्यायचं. गावातल्याच बायका 'संवाद सहायक' म्हणून घरोघर फिरून काय, कसं ते सांगायच्या. मावशीनं माळवदावरची माती कमी करून घेतली, भिंतीच्या दोन्ही बाजू धरून ठेवणारे आरपार दगड बसवले, वरून पट्टा फिरवला. गोठा जागच्या जागी, ओटाही तसाच. दार कुठं ठेवायचं ते तिनं ठरवलं. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. चाव्या मिळाल्या त्या दिवशीच घर आतून पाहिलं. पैसा तिच्या घराला कमी लागला असेल, पण उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडं जातो, ती आमच्याकडं येत नाही.

असली घरं आता विकायलाही निघतात. घेणार असाल तर बिनधास्त घ्या, फक्त स्लॅबवर पाणी मुरतंय का ते पावसाळ्यात येऊन बघा. वाढीव खोली काढायची तर जुन्या गावातले दगड आणून मातीत रचू नका; आमच्याकडं सर्रास चाललंय ते. आणि खिडकी मोठी करायच्या नादात तो वरचा पट्टा फोडू नका. आमच्या ओळीत दोघांनी फोडलाय, सांगून ऐकत नाहीत.