सान्तोसची टॅक्सी: ६५ रिआलचे ६,५०० झाले

ब्राझीलला साखर किंवा सोयाबीन भरायला जाणाऱ्या सगळ्या जहाजी मंडळींसाठी लिहितोय. सान्तोस बंदरात माझे १ लाख ८ हजार ९७२ रुपये ५ पैसे गेले. पाच पैसे मुद्दाम लिहिले, कारण बँकेनेही ते सोडले नाहीत. हिशोब असा: ६,५०० रिआलचे (रिआल म्हणजे ब्राझीलचं चलन) १६ रुपये १० पैसे दराने १,०४,६५०. त्यावर साडेतीन टक्के परकीय चलन शुल्क ३,६६२.७५. आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी ६५९.३०. कार्ड-मशीनवर लुटलं टॅक्सीवाल्याने, वर सरकारने त्यावर कर घेतला!

टॅक्सीचं ठरलेलं भाडं होतं ६५ रिआल.

कार्ड-मशीनच्या भानगडी तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत, मलाही होत्या. त्यामुळे ‘एवढं कसं कळलं नाही’ हे कृपया विचारू नका. घरी बायको, जहाजावर बडा साब आणि बँकेतली ती बाई, तिघांनी विचारून झालंय.

सान्तोसला पाऊस लागला की साखरेचं लोडिंग थांबतं, हॅच (मालखान्याची झाकणं) बंद होतात. तसे ते झाले आणि संध्याकाळी शोर लीव्ह, म्हणजे शहरात जायची सुट्टी, मिळाली. मी आणि आमचा फिटर, दापोलीचा, शहरातल्या गोंझागा भागात गेलो. (तिकडे पत्ता कनालच्या नंबरावर चालतो. गोंझागा कनाल दोन आणि तीनच्या मध्ये, एवढं पाठ केलंत तरी पुरे.) खरेदी झाली, जेवण झालं, हातात पिशव्या, वरून धो धो पाऊस. अ‍ॅपवरून गाडी मागवायची तर नेट हवं, नेटसाठी सिम हवं, आणि दुकानात सिमसाठी सीपीएफ नंबर मागितला. तो त्यांचा कर-क्रमांक, आपल्याकडे कुठून असणार? म्हणून रस्त्यावर उभी असलेली टॅक्सी घेतली. माणूस गोड. ‘इंडिया? गुड, गुड.’ भाडं आधी ठरवलं, आकडा कागदावर लिहून घेतला. आणखी काय करायचं असतं माणसाने?

बंदराच्या गेटवर उतरताना त्याने मशीन पुढे केलं. काचेचा उजवा अर्धा भाग काळा पडलेला, शाई सांडल्यासारखा. डावीकडे दिसत होतं ‘६.५’. आता इथे नीट वाचा. ब्राझीलमध्ये टिंब हजारासाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी. पासष्ट रिआल असते तर ‘६५,००’ दिसलं असतं. सहा आणि पाचच्या मध्ये टिंब यायचं काही कारणच नव्हतं. ते टिंब मी पाहिलं. पाहिलं, मनात म्हटलंसुद्धा की हे इथे का, आणि मग म्हटलं डबडं मशीन आहे, काच गेलीय, सरकलं असेल. तेवढ्यात फिटर बाहेरून ओरडला, ‘तीन साब, चला, भिजतोय मी.’ (जहाजावर मला तीन साब म्हणतात.) पिन टाकला.

मशीनने आवाज केला. ड्रायव्हर मान हलवून म्हणाला, ‘नाऊं पासोऊ.’ गेलं नाही म्हणे. पावती नाही. पुन्हा करू या म्हणाला. तेव्हा मी हुशारी केली! म्हटलं, कार्ड नको, रोख घे. फिटरकडून ६५ रिआल घेऊन दिले. म्हणजे भाडं वेगळं भरलं आणि लूट वेगळी. तो ‘ओब्रिगादू’ म्हणाला आणि अगदी सावकाश निघून गेला. पळालासुद्धा नाही.

बँकेचा मेसेज कुठे येणार? भारतातलं सिम रोमिंगविना मेलेलं. सकाळी वॉच (ड्युटीची पाळी) संपल्यावर वायफायवर ईमेल उघडला तेव्हा कळलं. नोंदीत टॅक्सी नाहीच, कुठल्याशा सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानाचं नाव.

कार्डाची मर्यादा एवढी का ठेवली होती, असं बँकेने विचारलं. २०२० पासून कार्डाचा परदेशी वापर बंद-चालू करता येतो, मर्यादा बांधता येते, हे मला शिकवू नका. पण दर वेळी अ‍ॅप उघडायला ओटीपी लागतो आणि ओटीपी येतो त्या मेलेल्या सिमवर. समुद्रात बसलेल्या माणसाने काय करायचं? तुम्ही मात्र घरून निघण्यापूर्वी ती मर्यादा दहा हजारांवर आणून ठेवा. आजच.

आता पुढचा तमाशा. जहाजाचा एजंट म्हणाला पायलट (जहाज बंदराबाहेर काढणारा) दुपारचा आहे, कशाला लफडं. कॅप्टनचंही तेच. पाया पडून एक तास मागितला, तीन लागले. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, गेटच्या आत की बाहेर? आत असेल तर दुसरं खातं. बाहेर म्हटलं, तर पिन कोणी टाकला? मी. मग काय तक्रार? फोनवर भाषांतर करून करून बॅटरी संपली. गेटवर कॅमेरा आहे, फूटेज बघा म्हटलं, तर त्यासाठी टर्मिनलला पत्र, आणि ते पत्र कोण देणार, तर पोलीस नाही, एजंट नाही, बहुतेक मीच, पुढच्या बंदरातून, चितगावहून. शेवटी ‘बेओ’ मिळाला, म्हणजे तिथला एफआयआर समजा. तिकडे कागदावर आईचं नाव लागतं. त्या गृहस्थाने ते माझ्याच नावाला जोडून टाकलं.

बँकेने तो बेओ परत पाठवला. नाव खात्याशी जुळत नाही, आणि कागद पोर्तुगीजमध्ये आहे, प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. आम्ही केप ऑफ गुड होपला वळसा घालत होतो. तिथे कोण प्रमाणित करणार, देवमासा? घरून बायकोने हेल्पलाइनला फोन केला तर ‘खातेदाराला बोलायला द्या’. खातेदार दक्षिण अटलांटिकमध्ये आहे म्हटल्यावर ‘मग आल्यावर करा’. आणि बँकेचं अंतिम उत्तर दोन ओळींचं: चिप वाचली गेली, पिन बरोबर होता, सबब व्यवहार आपणच केलेला आहे.

मी केलेला व्यवहार ६५ रिआलचा होता हो!

सान्तोसला काच फुटलेलं, काळी पडलेलं मशीन दिसलं की कार्ड खिशात. कार्ड त्याच्या हातात द्यायचंच नाही, तिथे अदलाबदलही करतात. ‘नाऊं पासोऊ’ म्हणाला की छापील पावती मागा, ती मिळेपर्यंत गाडीतून उतरू नका, भिजणाऱ्याला भिजू द्या. नंबर प्लेटचा फोटो बसण्यापूर्वी काढा. कॅप्टनकडून कॅश अ‍ॅडव्हान्स घेऊन थोडे रिआल जवळ ठेवा. सीमेन्स क्लबची (बंदरातल्या खलाशांच्या क्लबची) व्हॅन मिळत असेल तर तासभर थांबा. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं कार्ड बाहेर नेऊच नका, दुसरं खातं काढून त्यात लागतील तेवढेच टाका. आणि बेओवर सही करण्यापूर्वी नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, पायलट शिट्ट्या मारत असला तरी. गुन्हा कलम १७१ खाली लिहिलाय का तेही पाहा, फसवणुकीचं तिथलं कलम तेच.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकात अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचा भार बँकेवर टाकलाय. मी त्याच दिवशी कळवलं होतं, ईमेलची वेळ आहे माझ्याकडे. ते परिपत्रक जोडून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आहे. बँकेने काल पुन्हा पत्र पाठवलंय: दुकानदाराच्या सहीची मूळ पावती सादर करा.