‘द कलर पर्पल’ : काही महिने सोबत राहिल्यावर

अ‍ॅलिस वॉकर यांची ही १९८२ची कादंबरी पावसाळ्याच्या तोंडावर घेतली. तेव्हापासून छापील प्रत उशाशी आणि ऑडिओबुक स्वयंपाक करताना कानात, असं चाललंय. नायिका सेली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यातल्या काळ्या बायकांच्या बोलीत लिहिते. सुरुवातीची पानं वाचताना अडखळायला होतं. ऑडिओ स्वतः वॉकर यांनीच वाचलंय, ते ऐकलं की बोली उलगडत जाते. इंग्रजीची धास्ती वाटणाऱ्यांनी ऐकण्यापासूनच सुरुवात करावी.

चौदा वर्षांची सेली देवाला पत्रं लिहिते, कारण ज्याला ती बाप समजते तोच तिच्यावर बलात्कार करतो आणि देवाशिवाय कुणाला सांगायची सोय नाही. पुढे नवऱ्याचा मार. गोऱ्यांचा जुलूमही आहे, पण वॉकर आधी स्वतःच्या घराचं दार उघडतात. काळ्या पुरुषांची बदनामी केली, अशी टीका त्यांच्यावर झाली. मला ती पटत नाही. तोच नवरा, अल्बर्ट, शेवटी सेलीशेजारी बसून शिवणकाम करतो. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचलेल्यांना हे धाडस ओळखीचं वाटेल. जातीचा जाच सांगताना त्यांनीही घरातली मारहाण झाकली नाही.

पुन्हा पुन्हा वाचताना मी थांबते ती हार्पोच्या प्रसंगाशी. बायको सोफिया ऐकत नाही, काय करू, असं सावत्र मुलगा हार्पो विचारतो आणि सेली सांगते, मार तिला. रोज मार खाणारी बाई हे सांगते! सोफिया जाब विचारायला येते, तेव्हा सेली कबूल करते की तिला सोफियाचा हेवा वाटतो. सोफिया उलट उभी राहते, ते सेलीला जमत नाही. मग दोघी फाटक्या पडद्यांची गोधडी शिवायला घेतात. सेलीचं जागं होणं मला इथूनच सुरू झालेलं दिसतं. बहीण नेटीची पत्रं नवऱ्याने वर्षानुवर्षं दडवली हे कळल्यावरचा संताप, नवऱ्याची प्रेयसी असलेल्या गायिका शगची साथ, पँट शिवण्याचा स्वतःचा धंदा, हे सगळं त्यानंतरचं.

नेटीची आफ्रिकेतली पत्रं मात्र लांबतात, ऐकताना जास्तच.

पहिल्याच पानावर लैंगिक अत्याचार आहे, त्यामुळे मुलींच्या हाती देण्याआधी स्वतः वाचा. १९८५चा सिनेमा पुस्तकानंतरच बघा. सेली आणि शग यांच्यातलं प्रेम त्यात जवळजवळ एका चुंबनापुरतंच उरलंय, आणि पुस्तकात तर त्याच प्रेमातून सेलीला स्वतःचं शरीर आपलं वाटायला लागतं.