सूतगिरणीच्या इंजिनघरात आता बिअर बनते, तिथे जाऊन आलो

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. जा, नक्की जा, शक्यतो दिवसा जा आणि ज्या दिवशी बिअर शिजवतात त्या दिवशी गेलात तर उत्तमच. बिअर चार प्रकारची होती, त्यातल्या तीन छान, एक घाईत उतरवलेली. जेवण ठीक ते चांगलं. आणि बिल्डिंग, तिच्यासाठी तर मी परत जाणार आहे. ब्रुअरीचं नाव देत नाहीये कारण काही तक्रारी पण लिहायच्यात आणि छोट्या गावातला नवा धंदा आहे, नाव घेऊन त्यांच्या पोटावर पाय द्यायची इच्छा नाही.

माझं काम बॉयलर आणि वाफेच्या पाइपिंगचं आहे त्यामुळे मी कुठेही गेलो की टेबलाआधी पाइप बघतो, आणि आईचे वडील सूतगिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या मशिनींवर होते, आयुष्यभर पाळीवर, त्यामुळे आई सोबत होती आणि तिला बिअरशी काही घेणंदेणं नव्हतं, तिला गिरणी आतून बघायची होती. तर आम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टी बघायला गेलो होतो असं म्हणा.

बाहेरून बघितलं तर चिमणी तशीच ठेवलीय, वरून दोन हात छाटलेली नाही की तिच्यावर लायटिंगचं नाव लावलेलं नाही. विटांच्या भिंतींचे दर्जे, म्हणजे विटांमधल्या फटी, चुन्याने भरलेत, सिमेंटने नाही. हे मला लगेच दिसलं आणि तिथेच बरं वाटलं कारण जुनी वीट मऊ असते, भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते, चुन्याच्या दर्जातून ती ओल निघून जाते, सिमेंट भरलं की तिला वाट राहत नाही, मग ती विटेतूनच बाहेर पडायला बघते आणि काही वर्षांत विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटून पडतं. कितीतरी जुन्या बिल्डिंगी पडक्या होत्या तेव्हा ठणठणीत होत्या आणि रिनोव्हेशननंतर मेल्या त्या अशाच.

आत शिरलं की वर करवतीच्या दातांसारखं छप्पर, एका बाजूला उतार आणि दुसऱ्या बाजूला उभी काच, काचेचं तोंड उत्तरेला. गिरण्यांमधे हे असं का करायचे तर धागा तुटलेला दिसायला उजेड भरपूर हवा पण थेट ऊन नको, उन्हाने चकाकतं, सावल्या पडतात, उकडतं. तोच उजेड आता टेबलांवर पडतो आणि दुपारी तीन वाजता एकही दिवा न लावता माणसांचे चेहरे स्वच्छ दिसत होते. जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे काढून नवीन छप्पर टाकलंय, ते करायलाच हवं होतं. पण छपराच्या कैच्या, म्हणजे ते पेलणारे त्रिकोणी सांगाडे, जुन्याच आहेत आणि कैच्यांखाली शाफ्टिंगचे ब्रॅकेट पण तसेच लटकतायत. पूर्वी एका इंजिनवरून अख्ख्या गिरणीला ताकद जायची, लांबलचक फिरते शाफ्ट आणि त्यांच्यावरून प्रत्येक मशीनवर उतरणारे चामड्याचे पट्टे. आई वर बघून म्हणाली की तिचे बाबा घरी आले की पहिला अर्धा तास त्यांच्याशी मोठ्याने बोलावं लागायचं, कानात खातंच चालू असायचं.

आता मुद्द्याचं. अशी जुनी बिल्डिंग घेऊन ब्रुअरी टाकणारे लोक सर्वात मोठी चूक करतात ती टाक्यांच्या जागेची. चकचकीत टाक्या माडीवर ठेवल्या की फोटोत झकास दिसतात. पण 1000 लिटर बिअर म्हणजे बिअरचंच वजन एक टन, वर स्टील, वर थंड ठेवायचं जॅकेट, वर फेसासाठी रिकामी जागा ठेवलेली म्हणजे टाकी अजून मोठी, आणि हे सगळं चार पायांवर. जुन्या गिरणीची जमीन मशिनींसाठी बांधलेली असते हे खरंय, पण ते वजन ओळीने पसरलेलं असायचं, चार बिंदूंवर नाही. आणि माडी उभी असते बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या खांबांवर. बीड दाबाला प्रचंड ताकदवान, पण वाकवायला गेलं की लवत नाही, आधी इशारा देत नाही, सरळ तडकतं. त्याला वेल्डिंग करून ब्रॅकेट जोडणं म्हणजे तर आपल्या हाताने भेग लावणं. इथे त्यांनी सगळ्या टाक्या इंजिनघरात घेतल्यात, जिथे वाफेचं इंजिन बसायचं, जमिनीत खोल दगडी पाया आहे, ज्याने पूर्वी इंजिनचं टनावारी वजनाचं चाक, फ्लायव्हील, पेललं त्याला सहा टाक्या काहीच नाहीत. म्हणजे बिल्डिंगला विचारलं की बाई तुला काय झेपेल, आणि तिने सांगितलं तिथे ठेवलं. मला हे इतकं आवडलं की मी आईला दोनदा समजावून सांगितलं.

लिफ्ट पण बाहेरच्या अंगाला, वेगळा लोखंडी सांगाडा उभा करून, भिंतीला दोन-तीन ठिकाणीच टेकलेली. उद्या नको झाली तर काढून नेता येईल, भिंतीला फार इजा नाही. जुन्या वास्तूंच्या कामात ऑस्ट्रेलियातला 1979 चा बुरा चार्टर म्हणून एक दस्तऐवज मानतात, त्याचा गाभा हाच की लागेल तेवढाच बदल करा, त्याहून जास्त नको. आईचे गुडघे दुखतात त्यामुळे लिफ्ट आहे हे माझ्यासाठी चार्टरपेक्षा महत्त्वाचं होतं, पण दोन्ही साधलंय.

हे गिरणी ते बिअर काही नवीन खूळ नाही. इंग्लंडात श्रूजबरीला डिदरिंग्टनची जवसाच्या धाग्याची गिरणी आहे, 1797 ची, चार्ल्स बेज नावाच्या माणसाने डिझाइन केलेली, लोखंडी सांगाड्यावर उभी राहिलेली जगातली पहिली इमारत. लाकडी मजल्यांच्या गिरण्या धागा, धूळ आणि दिव्यांमुळे जळून जायच्या म्हणून लोखंड वापरलं. धाग्याचा धंदा बसला तर 1890 च्या दशकात तिथेच माल्ट करायला लागले, बिअरसाठी जव भिजवून मोड आणायचे आणि वाळवायचे, खिडक्या विटांनी बुजवल्या, आणि ते चाललं थेट 1987 पर्यंत. मग बरीच वर्षं नुसती उभी, आणि 2022 मधे दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडली. डब्लिनला गिनेस या बिअर कंपनीचं स्टोअरहाऊस आहे, 1904 मधे पूर्ण झालेलं, 1988 पर्यंत तिथे बिअर आंबवायचे, 2000 पासून लोक बघायला जातात. पण तिथे आता कथा सांगतात, आंबवण्याचं काम दुसरीकडे. मला फरक इथेच वाटतो. आम्ही गेलो त्या जागेत अजून काम चालू आहे, ओला माल्ट वास मारतो, कुणीतरी बूट घालून पाइप ओढतंय, घड्याळ बघतंय. कारखान्यात कारखानाच राहिला.

सकाळी अकराला गेलो तेव्हा मॅश चालू होतं, म्हणजे भरडलेलं माल्ट 66-67 डिग्रीच्या पाण्यात साधारण तासभर. त्या काळात स्टार्चची साखर होते. दोन डिग्री इकडेतिकडे झाली की बिअरचं अंग बदलतं, कमी तापमानाला कोरडी आणि हलकी, जास्तीला भरीव आणि गोडसर. मग तो गोड रस गाळून हॉप्स, म्हणजे कडवटपणा आणणारी फुलं, घालून तासभर उकळायचा. उकळताना वाफेचा लोट उठतो आणि ती वाफ लाकडी कैच्यांत गेली तर दोन पावसाळ्यांत बुरशी. यांनी छपराला भोक न पाडता वाफ तिथेच थंड पाण्याच्या फवाऱ्याने बसवून पाणी करणारा कंडेन्सर लावलाय. शाबास. पाइपिंगचा माणूस म्हणून सांगतो, उतार बरोबर, वाफेतलं पाणी बाहेर काढणारे ट्रॅप बरोबर, इन्सुलेशन व्यवस्थित, एका व्हॉल्व्हचं ग्लँड थोडं गळत होतं ते मी सांगितलं तर तिथल्या पोराने लगेच पाना आणला.

फरशीला नालीकडे नीट ढाळ आहे. हे पण लोक विसरतात. ब्रुअरी म्हणजे निम्मं काम धुण्याचं, गरम कॉस्टिक, अ‍ॅसिड, पाणी, सारखं, आणि छोट्या ब्रुअरीत एक लिटर बिअरमागे सात लिटरच्या वर पाणी सहज जातं. जुन्या फरशीच्या फटीत ते मुरलं की पायाच खातं. आणि इंजिनघर खोलगट असल्यामुळे मला एक काळजी होती ती म्हणजे कार्बन डायऑक्साइडची. 1000 लिटर बिअर आंबताना जवळपास 40 किलो गॅस निघतो, म्हणजे 20 घनमीटरच्या आसपास, आणि तो हवेपेक्षा दीडपट जड, खड्ड्यात साचतो, दिसत नाही, माणूस खाली उतरतो आणि परत वर येत नाही. इथे गुडघ्याच्या उंचीवर दोन ठिकाणी सेन्सर होते आणि टाक्यांचा गॅस पाइपने बाहेर काढलेला. कुणी अशी जागा काढायच्या विचारात असेल तर सजावटीचे पैसे कापा पण हे कापू नका.

बिअर. व्हीट बिअर पहिली घेतली, केळं आणि लवंगेचा वास, आणि हा वास काही घालून येत नाही, त्या जातीचं यीस्टच तो तयार करतं, इथे दोन्ही मापात होते, अप्रतिम. पेल एल कडू पण स्वच्छ, दुसरा घोट मागणारी. स्टाउट मला सगळ्यात आवडली, भाजलेल्या जवाचा कॉफीसारखा कडवटपणा आणि शेवटी जीभ कोरडी, गोड चिकट नाही. आणि मग पिल्सनर, जी मी सर्वात अपेक्षेने घेतली होती, तिला लोण्याचा वास. पिल्सनर ही 1842 साली आजच्या चेक देशातल्या प्लझेन्यमधे जन्मलेली बिअर, तिथलं पाणी फार मऊ, म्हणून ती इतकी नाजूक, तिच्यात लपवायला जागाच नाही. हा लोण्याचा वास डायअ‍ॅसिटिल नावाच्या रसायनाचा, यीस्ट आधी ते तयार करतं आणि वेळ दिला तर स्वतःच परत खाऊन टाकतं, शेवटी दोन-तीन दिवस थोडी ऊब द्यावी लागते आणि मग शून्याजवळ चार-सहा आठवडे शांत ठेवावी लागते. विचारलं तर म्हणाले की टाकी मोकळी करायची होती. कळतं मला, टाक्या सहा, गिऱ्हाईक वाढलंय, पण मग लागर, म्हणजे पिल्सनरसारखी थंडीत हळू आंबणारी बिअर, करू नका ना, एल करा, ती 18-20 डिग्रीला दोन-तीन आठवड्यांत तयार होते. कच्ची लागर विकून नाव घालवण्यापेक्षा फळ्यावर "संपली" लिहिलेलं परवडलं.

जेवणात बिअरच्या चोथ्याचा ब्रेड घ्याच. एका 1000 लिटरच्या घाण्यामागे ओला चोथा 200 किलोच्या आसपास निघतो, बहुतेक गुरांना जातो, थोडा किचनमधे, आणि ब्रेडला त्याने खमंग दाणेदारपणा येतो. सूप गरम आलं, पिझ्झाचा बेस उत्तम. बाकी मेनू उगाच लांब आहे, निम्मा केला तरी चालेल. आईसाठी बिनदारूचं आल्याचं पेय होतं ते तिथेच बनवतात आणि तिने दोन ग्लास घेतले.

संध्याकाळी मात्र आवाज असह्य होतो. वीट, काँक्रीट, काच, उंच छप्पर, आवाज शोषणारं काहीच नाही, साठ-सत्तर माणसं झाली की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग सगळेच मोठ्याने बोलतात आणि अजून वाढतं. कैच्यांच्या मधे वरच्या बाजूला आवाज शोषणारे पॅनल लावले तर दिसणारही नाहीत आणि फरक पडेल. आई साडेसातला म्हणाली चल आता, अगदी खात्यात बसल्यासारखं वाटतंय.

आणि जे मला सगळ्यात लागलं ते आता. आत शिरताना मोठा फलक आहे, गिरणी कुणी बांधली, इंजिन किती ताकदीचं, मालकाचा फोटो, रिनोव्हेशन करणाऱ्या आर्किटेक्टचं कौतुक. कामगारांवर एक अक्षर नाही. आईने वेटरला विचारलं की रिंग खातं कुठल्या बाजूला होतं आणि साचे, म्हणजे कापड विणायचे माग, कुठे, त्या बिचाऱ्याला रिंग म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही. भोंगा जपून ठेवलाय, काचेच्या पेटीत, पण तो किती वाजता व्हायचा, किती पाळ्या होत्या, त्यावर गाव कसं उठायचं, काही नाही. जमिनीवर मशिनींच्या बोल्टांची भोकं अजून ओळीने दिसतात, बार काउंटरपासून पार मागच्या भिंतीपर्यंत, आई त्या ओळीवरून चालत गेली आणि पावलं मोजून म्हणाली हे रिंगांचं अंतर आहे, साच्यांना जागा जास्त लागते, तिच्या बाबांनी तिला लहानपणी एकदा खात्यात नेलं होतं तेव्हाचं तिला आठवत होतं. म्हणजे माहिती जमिनीवरच लिहिलेली आहे. गावात त्या गिरणीत काम केलेली म्हातारी माणसं असतीलच, त्यांना बोलावून एक दुपार बसवा, चहा पाजा, विचारा, लिहून घ्या, कारण ही माणसं भिंतींसारखी शंभर वर्षं थांबणार नाहीत. विटेला चुना लावायची अक्कल ज्यांना आहे त्यांना हे जमणार नाही असं मला वाटत नाही.

निघताना काउंटरवर अभिप्रायाची वही होती. मी पिल्सनरचं आणि आवाजाचं लिहिलं, टाक्यांच्या जागेचं कौतुक पण लिहिलं, सही केली. आईने माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली बोल्टांच्या ओळींचा छोटा नकाशा काढला, बार कुठे, दरवाजा कुठे, आणि मधे मोठ्या अक्षरात लिहिलं, रिंग खातं.